आधी रान पाहा, मग बेणे निवडा



या अंकात आडसाली लागणीवर लिहावयाचे ठरले होते. टिपण तयारही होते. परंतु गेल्या महिनाभरात गटऑफिसात जे पाहिले आणि ऐकले, त्यावरून ते टिपण बाजूला ठेवले व हा विषय हाती घेतला. माणूस येतो तो बेण्याची नोंद करायला. नोंद होते, चहा होतो, आणि उठता उठता विचारतो, "साहेब, पोरगं अकरावीला जातंय. मॅथ घ्यावं का बायो? सीईटीचा कुठला ग्रुप बरा?" एका दिवसात असे चार जण येऊन गेले. बेण्याविषयी एकाने दोन प्रश्न विचारले असतील तर पोराच्या परीक्षेविषयी दहा.

आम्ही ऊस विकास खात्याची माणसे. लागण, खते, पाणी, तोडणीचा प्रोग्रॅम एवढेच आमचे काम. परीक्षांवर आम्ही बोलावे हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. पण क्लासची फी भरली जाते ती उसाच्या बिलातून, हे आम्हाला दिसते. कुणी बिलावर उचल घेतो, कुणी सोसायटीचे कर्ज नवे-जुने करतो, कुणी गाय विकतो. एवढे करून पोराने भलतीच परीक्षा दिली, किंवा नको तो विषय धरला, तर तो तोटा कुठल्याही काट्यावर दिसत नाही. म्हणून चार शब्द लिहितो. आवडले तर घ्यावेत.

पहिली हकिकत एका सभासदाच्या मुलीची. नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. मुलगी हुशार. बापाच्या ठिबकचा फिल्टर स्वतः खोलून धुणारी, मोटार बंद पडली की स्टार्टरपुढे पहिली उभी राहणारी. दहावीला गणितात तिला चांगले मार्क होते. अकरावीचा फॉर्म भरताना घरात चर्चा झाली आणि सगळ्यांचे एकमत पडले की मुलीच्या जातीला बायो बरे, गणित कशाला? गणित सोडले. बारावी झाली, सीईटी झाली, मार्क चांगले पडले. मग तिने सांगितले की तिला कृषी अभियांत्रिकीला जायचे आहे. ठिबक, पंप, ऊसतोडणी यंत्र, यातच तिचे मन. तेव्हा कळले की त्या पदवीला बारावीला गणित लागते. गणित नाही म्हणजे दारच नाही. मागाहून तो विषय घेऊन परत बसायचे तर वर्ष जाणार. आज ती कृषीच्या पदवीला आहे आणि चांगले शिकते आहे, त्याबद्दल आम्हाला आनंदच आहे. पण ज्या रानात ती जोमाने आली असती, ते रान तिला मिळाले नाही. आणि ते तिच्या हुशारीने हुकले नाही, दोन वर्षांपूर्वीच्या एका फॉर्मवरच्या खुणेने हुकले.

आता बेण्याचेच उदाहरण घ्या. को ८६०३२ हे वाण आपल्याकडे १९९६ पासून आहे. तिन्ही हंगामांत चालते, म्हणून घरोघरी झाले. फुले २६५ चोपण रानात तग धरते, पण पक्व व्हायला वेळ घेते. को.सी. ६७१ ला साखर लवकर भरते, पण ते सगळ्या रानात उभे राहत नाही. शेजाऱ्याने एखादे वाण लावले आणि एकरी टनेज चांगले काढले, म्हणून आपण आपल्या पाणथळ तुकड्यात तेच लावले तर काय होते, हे तुम्हाला सांगावयास नको. आपण आधी रान पाहतो, पाणी पाहतो, हंगाम पाहतो, आणि मग वाण ठरवतो. पोराच्या परीक्षेच्या वेळी मात्र हा सगळा शहाणपणा आपण बांधावर ठेवतो आणि विचारतो, "पाटलाच्या पोरानं काय घेतलंय?"

दोन ग्रुप, दोन वाटा

आपल्या राज्यात बारावी सायन्सनंतर बहुतेक मुले एमएचटी-सीईटी देतात. हिचे दोन ग्रुप. पीसीएम म्हणजे भौतिक, रसायन आणि गणित. पीसीबी म्हणजे भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र. २०२० पासून हे दोन्ही ग्रुप वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळे पेपर म्हणून होतात. प्रत्येकाचे २०० मार्क. भौतिकचे ५० प्रश्न ५० मार्कांना, रसायनाचे ५० प्रश्न ५० मार्कांना, या दोहोंना मिळून ९० मिनिटे. उरलेले १०० मार्क तिसऱ्या विषयाचे, त्यालाही ९० मिनिटे. म्हणजे ग्रुप निवडणे म्हणजे निम्मे मार्क कुठून आणायचे हे ठरवणे होय.

आता त्या तिसऱ्या विषयातला फरक बघा. गणिताला ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क. जीवशास्त्राला १०० प्रश्न, प्रत्येकी १ मार्क. वेळ सारखाच, ९० मिनिटे. म्हणजे गणिताच्या एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटांच्या वर वेळ मिळतो, जीवशास्त्राच्या प्रश्नाला एक मिनिटसुद्धा पुरते मिळत नाही. एका पेपरात कागदावर मांडून, खोडून, परत मांडून उत्तर काढावे लागते. दुसऱ्यात वाचलेले झटकन आठवावे लागते. दोन्ही कष्टाचेच, पण कष्टाची जात वेगळी. एक मुलगा कोड्याशी तासभर झुंजेल, पण पाठ करायला सांगितले की जांभया देईल. दुसऱ्याला वनस्पतींची नावे एकदा वाचून पाठ होतील, पण गणित अडले की तो पेन खाली ठेवील. दोघांपैकी कुणीच कमी नाही. त्यांचे रान वेगळे.

आणखी एक गोष्ट मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या पालकांनी ध्यानात ठेवावी. भौतिक, रसायन व जीवशास्त्राचे पेपर मराठीतून देण्याची सोय या सीईटीत आहे. गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो. यात घाबरण्याजोगे काही नाही, गणिताचे इंग्रजी थोडे असते. पण ते अकरावीपासून अंगवळणी पडले पाहिजे, परीक्षेच्या सकाळी नव्हे.

या सीईटीत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे प्रश्न कोरा सोडू नये. अभ्यासक्रम आपल्या राज्य मंडळाचाच. साधारण पाचवा हिस्सा अकरावीचा आणि बाकी बारावीचा. "अकरावी म्हणजे आराम" असे म्हणणाऱ्यांनी हा पाचवा हिस्सा विसरू नये. दोनशेतले चाळीस मार्क म्हणजे खेळ नव्हे.

कुठले दार कुठल्या किल्लीने उघडते

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा गोंधळ येथेच होतो, म्हणून मोजके सांगतो.

इंजिनियरिंगला पीसीएम लागतो. कृषी अभियांत्रिकीलाही गणित लागते, हे वरच्या हकिकतीत आलेच. बी.एस्सी. कृषीला मात्र दोन्हीपैकी कुठलाही ग्रुप चालतो. बी.फार्मसीलाही दोन्ही चालतात. ही गोष्ट कित्येकांना माहीत नसते. "शेतीला जायचं म्हणजे बायोच पाहिजे" असे धरून गणिताची चांगली मुले गणित सोडतात. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या कॉलेजांत गणितवाल्यांनाही जागा आहे.

डॉक्टरकीला, मग ती अॅलोपथी असो, आयुर्वेद असो की होमिओपथी, नीट लागते. आणि हे नीट ऐका : जनावरांच्या डॉक्टरकीलासुद्धा नीटच लागते. आपल्या भागात प्रत्येक गोठ्यात दोन-चार जनावरे, त्यामुळे पशुवैद्यक व्हावे असे वाटणारी मुले पुष्कळ. पण "ती सीईटीच्या बायो ग्रुपातून होते" असे समजून नीटचा फॉर्मच न भरलेला मुलगा आम्ही पाहिला आहे. बापाने डोक्याला हात लावला. फॉर्मची मुदत गेली होती. नीटला १८० प्रश्न, ७२० मार्क, त्यातले निम्मे जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला ४ मिळतात, चुकीला १ कापतात. म्हणजे सीईटीतली "सगळं भरून टाक" ही सवय तिथे अंगाशी येते.

एनआयटीसारख्या केंद्राच्या इंजिनियरिंग कॉलेजांना जेईई मेन लागते. तिथेही चुकीला मार्क कापतात. शिवाय बारावीला साधारणपणे ७५ टक्के पाहिजेत, अनुसूचित जाती-जमातींना ६५. ज्याला बारावीकडे दुर्लक्ष करून नुसता जेईईचा अभ्यास कर असे सांगितले जाते, त्याच्या पालकांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

आर्ट्स आणि कॉमर्सच्या मुलांसाठी २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी आहे. दिल्ली विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ अशा ठिकाणी तिच्यावरच प्रवेश होतात. बनारसची बी.एस्सी. कृषीसुद्धा याच परीक्षेतून, आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या देशपातळीवरच्या जागाही २०२३ पासून हिच्यातूनच. या परीक्षेत विषय आपण निवडायचे असतात. २०२५ पासून ३७ विषयांच्या यादीतून जास्तीत जास्त ५ निवडता येतात. त्यात आपली मराठी भाषा म्हणून आहे, आणि शेती हा स्वतंत्र विषयही आहे. प्रत्येक पेपर ५० प्रश्नांचा, ६० मिनिटांचा. बरोबरला ५, चुकीला वजा १.

येथे विषय निवडताना चूक झाली तर पेपर चांगला जाऊनही प्रवेश मिळत नाही. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला सीयूईटीत गणित दिलेलेच पाहिजे. शिवाय ते विद्यापीठ म्हणते की बारावीला जे विषय घेतले त्यांतच सीयूईटी द्या. आता आपल्याकडे कॉमर्सला अकरावीत काय होते? गणित की सचिवाची कार्यपद्धती, असा प्रश्न आला की निम्मी मुले गणिताला रामराम ठोकतात. सहकार हाही आपल्या बारावीचा एक विषय आहे, आणि सहकारी कारखान्याच्या पत्रिकेत लिहिताना आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण सीयूईटीच्या यादीत तो नाही. म्हणून कॉमर्सच्या ज्या पोरापोरींच्या मनात बाहेर जाऊन अर्थशास्त्र शिकावयाचे आहे, त्यांनी अकरावीलाच गणित धरून ठेवावे. बारावी झाल्यावर ते धरता येत नाही.

आमची एक चूक

आता आमच्याच पदरची गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका सभासदाचा मुलगा सल्ल्याला आला. त्याने चारही विषय घेतले होते. "साहेब, दोन्ही ग्रुप देऊ का?" आम्ही बेधडक सांगितले, "दे की. दोन बैल असले तर एक तरी चालंल." मुलाने पीसीएम भरला, पीसीबी भरला, जेईई भरली, नीट भरली. क्लास दोन लावले. दिवसा गणित, रात्री जीवशास्त्र. मे महिन्यापर्यंत पोरगा वाळून गेला. एकाही परीक्षेत त्याच्या हुशारीला शोभेल असे मार्क पडले नाहीत. बापाने आम्हाला कधी बोल लावला नाही, उलट काट्यावर भेटला की नमस्कार करतो. तो नमस्कार आम्हाला टोचतो.

त्या मुलाकडून आम्ही जे शिकलो ते असे. उसात आंतरपीक घ्यावे, पण कुठले? कांदा, हरभरा चालतो. त्याचे काम मोठ्या बांधणीच्या आत आटोपते आणि उसाला धक्का लागत नाही. मका घातला तर तो उसाचेच खत खातो. परीक्षांचेही तसेच. मुख्य परीक्षा एक धरावी. दुसरी जोडीला जरूर घ्यावी, पण अशी की जिचे विषय पहिलीतच होऊन जातात. इंजिनियरिंग मनात असेल तर सीईटीचा पीसीएम, आणि तयारी बरी असेल तर जोडीला जेईई मेन. डॉक्टर किंवा पशुवैद्यक मनात असेल तर नीट, आणि जोडीला सीईटीचा पीसीबी, म्हणजे कृषी आणि फार्मसीची दारे उघडी राहतात. विषय तेच, पुस्तकांत थोडा फरक. सीईटीला राज्य मंडळाची पुस्तके, नीट-जेईईला एनसीईआरटीची. या जोड्या एकमेकींना मारत नाहीत. चारही परीक्षा एकदम म्हणजे एका सरीत चार वाणे.

दोन्ही ग्रुप देऊच नयेत असे आमचे म्हणणे नाही. ज्याला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही मनापासून आवडते, ज्याची अकरावी दोन्हींत चांगली गेली, त्याने द्यावेत. पण तो निर्णय आवडीचा असावा, भीतीचा नसावा. "न जाणो, राहून गेलं तर" या भीतीने भरलेला फॉर्म बहुधा वाया जातो.

उलट बाजूही ऐकली पाहिजे

गेल्या आठवड्यात एक जाणते सभासद, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते म्हणाले, "साहेब, सोळा वर्षांचं पोर. त्याला काय कळतंय कुठं जायचं? आज म्हणंल इंजिनियर, उद्या म्हणंल पोलीस. दारं सगळी उघडी ठेवावीत का नकोत?" प्रश्न खरा आहे, आणि त्याला उडवून लावणे बरोबर नाही.

यावर आमचे मत असे की विषय आणि परीक्षा यांत फरक करावा. अकरावीला विषय घेताना दारे उघडी ठेवावीत. मुलाला झेपत असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्यावेत, आणि एकच घ्यायचे असेल तर गणित सोडण्यापूर्वी चार वेळा विचार करावा, कारण सुटलेले गणित परत धरणे फार अवघड. पण बारावीच्या दिवाळीपर्यंत मन ठरवावे आणि परीक्षा मोजक्याच ठेवाव्यात. लागणीआधी दहा वाणांची चौकशी करावी. सरी पडली की एकच वाण लावावे.

आणि मुलाला कळत नाही हेही पुरते खरे नाही. आम्ही स्वतः दहावीनंतर कृषी पदविकेला गेलो ते दहावीच्या मार्कांवर आणि वडिलांच्या शब्दावर. आम्हाला कुणी विचारले नाही. पुढे नोकरीत प्लॉट मोजताना, उताऱ्याची सरासरी काढताना आम्हाला कळले की आकड्यांशी आमचे बरे जमते. आयुष्य वाईट गेले नाही, कामावर आमचे प्रेम आहे. पण त्या वयात कुणी एकदा विचारले असते, तर आम्ही काही तरी उत्तर दिले असते, असे अजून वाटते. म्हणून पोराला विचारा. त्याचे उत्तर कच्चे असेल, पण ते त्याचे असेल.

घरचे माती परीक्षण

विचारून कळत नसेल तर तपासून बघा. माती परीक्षणाला आपण मातीचा नमुना देतो, तसेच हे. जुना गणिताचा एक पेपर आणि जीवशास्त्राचा एक पेपर मिळवा. कॉलेजच्या मास्तरांकडे मिळतात. एका रविवारी सकाळी घड्याळ लावून ९० मिनिटे गणित, पुढच्या रविवारी ९० मिनिटे जीवशास्त्र. मध्ये हाक मारायची नाही, जनावरांना पाणी दाखवायला पाठवायचे नाही. मार्क तर बघाच, पण आणखी एक गोष्ट बघा. पेपर संपल्यावर पोरगं "एवढं एक गणित राहिलं" म्हणून परत त्यालाच बसतं, की सुटलो म्हणून पळतं? चारदा केले की तुम्हाला स्वतःलाच कळेल. यासाठी कुठल्याही सल्लागाराला पैसे द्यावे लागत नाहीत.

निकालाविषयीही एक खुलासा करतो. सीईटीचा निकाल टक्क्यांत लागत नाही, पर्सेंटाइलमध्ये लागतो. "पोराला ९० टक्के पडले" असे सांगत पेढे वाटणाऱ्यांना दुखवायची इच्छा नाही, पण ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभर परीक्षार्थ्यांत साधारण नव्वद जण त्याच्या बरोबरीने वा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. दोनशेपैकी १८० पडले असा नव्हे. परीक्षा अनेक दिवस, अनेक पेपरांवर होते, म्हणून ही पद्धत. आणि पीसीएमचे ९० व पीसीबीचे ९० यांची तुलना करू नये. दोन्हींकडचे परीक्षार्थी वेगळे, दोन काटेच वेगळे.

नियम बदलतात

थोरल्या चुलतभावाने अमुक केले म्हणून धाकट्याने तेच करावे, हा हिशोब आता चालत नाही. ग्रुप वेगळे झाले २०२० मध्ये, सीयूईटी आली २०२२ मध्ये, कृषीच्या केंद्रीय जागा तिच्यात गेल्या २०२३ मध्ये, सीयूईटीचे विषय कमी झाले २०२५ मध्ये. अकरावीचे प्रवेशही २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले. साता समुद्रापलीकडे तेच. अमेरिकेत कित्येक नामांकित कॉलेजे विषयवार परीक्षांचे मार्क बघत असत, त्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये बंदच करून टाकल्या. तेव्हा त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका हाच प्रमाण कागद. क्लासवाल्याची जाहिरात नव्हे, गावातल्या पोराचा अनुभव नव्हे, आणि आमचा हा लेखसुद्धा नव्हे. पुस्तिकेत पात्रतेचे पान असते. ते एक पान बापाने आणि मुलाने शेजारी बसून वाचावे.

कागदपत्रेही वेळेत काढावीत. जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, आणि कृषीच्या प्रवेशाला विचारला जाणारा सात-बारा. मुलींच्या पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम. २०२४ पासून राज्य शासनाने वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला पाहिजे. तेव्हा "मुलीवर एवढा खर्च कशाला" असे म्हणून तिचे गणित सोडविणाऱ्यांनी निदान खर्चाची सबब तरी सांगू नये.

कारखान्याकडे एक मागणी

शेवटी आमची एक सूचना. आपण दर हंगामाआधी गटवार ऊस पीक परिसंवाद घेतो. त्याच मांडवात, त्याच खुर्च्यांवर, दुसऱ्या दिवशी दहावी आणि बारावीच्या मुलांचा व पालकांचा मेळावा घेता येईल. कॉलेजचे दोन मास्तर आणि आपल्याच कार्यक्षेत्रातून शिकून गेलेली पाच-सहा मुले-मुली बोलावावीत. माहितीपुस्तिकेतली पात्रतेची पाने मराठीत छापून प्रत्येक गटऑफिसात लावावीत. याला फार पैसा लागत नाही. संचालक मंडळापुढे ही सूचना आम्ही ठेवणार आहोत. सभासदांनी वार्षिक सभेत तिला पाठिंबा द्यावा, ही विनंती.

वरच्या हकिकतीतल्या मुलीचा धाकटा भाऊ यंदा अकरावीला आहे. परवा त्याचे वडील बेण्याच्या नोंदीला आले होते. आम्ही विचारायच्या आधीच म्हणाले, "साहेब, अवंदा पोराला विचारलं. चित्रं काढायला आवडतं म्हणाला." मग थोडे थांबून म्हणाले, "त्याची परीक्षा कुठली असती?" आम्हाला ती माहीत नव्हती. आम्ही तसे सांगितले, आणि शोधून काढतो असे कबूल केले. नोंदवहीत त्यांच्या बेण्याच्या नोंदीखाली ते लिहून ठेवले आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी